शिवणीतली माया

न्खाटा बेच्या बाजारात, मक्याच्या गिरणीला लागून
माझं मशीन आहे, पायानं चालवायचं.
तीस वर्षं माणसं माझ्यासमोर हात पसरून उभी राहतात.
कोण सुटलंय, कोण झडतंय,
त्यांच्या घरच्यांच्या आधी मला कळतं.
‘कंबर जरा आत घे’ म्हणणारा
सरोवराकडे बघत उभा असतो.
मी विचारत नाही.
दातांत टाचण्या असल्या की
न बोलायला निमित्त मिळतं.

माझी स्वतःची पँट मी रात्री आत घेतली.
आधी एक बोट. मग दोन.
मग मागचे दोन्ही खिसे इतके जवळ आले
की एकमेकांच्या कानाला लागले.
उपास नव्हता, नवस नव्हता.
वजन आपलं आपणच निघालं होतं
भाडं थकलेल्या भाडेकरूसारखं,
पहाटे, चपला हातात घेऊन.

“गोळ्या घेतोस ना?” लिनेसनं विचारलं.
“घेतो.”
फेब्रुवारी होता. कणगीचा तळ दिसत होता.
न्सिमा दिवसातून एकदा शिजायची,
आणि रिकाम्या पोटी गोळी घेतली
की भूक अंगावर धावून यायची.
म्हणून गोळी मी जेवणाच्या दिवसांसाठी राखून ठेवायचो.
हे लिनेसला माहीत नव्हतं.

काट्यावर चव्वेचाळीस.
सिस्टर टोवेरानं दंडाला फीत गुंडाळली.
मी म्हटलं, बाई, फीत पिळली गेलीय.
ती हसली, सरळ केली.
आकडा तोच राहिला.

मग तोंड उघडायला लावलं. जिभेवर पांढरा थर.
गिळताना दुखतं? खोकला कधीपासून?
रात्री घाम? जुलाब?
थुंकी डबीत, रक्त नळीत.
“नुसतं ‘खा खा’ म्हणायला मी काय तुझी मावशी?
आधी उसवलंय कुठे ते बघू.”
आणि बाटली उपडी करून
तिनं गोळ्या मोजल्या, दोन दोन करत.

एकोणीस जास्त निघाल्या.

कापड उरलं तर मी गिऱ्हाइकाला परत देतो.
ही उरलेली मी कुणाला देणार होतो?
ती रागावली असती तर बरं झालं असतं.
तिनं फक्त स्टूल जवळ ओढलं
आणि विचारलं, घरी किती वेळा चूल पेटते?

जिभेसाठी औषध. गोळी रोज, भूक असो नसो.
दिवसातून सहादा थोडं थोडं,
पेजेत वाळल्या उसिपाचा चुरा,
शेंगदाण्याच्या लगद्याची पाकिटं.
“हे औषध आहे. वाटायचं नाही.
आणि मशीन सोडू नकोस,
नुसतं खाऊन अंगाला लागत नाही.”

तियामिके, माझी नात, चार वर्षांची.
पाकीट फाडल्याचा आवाज तिला गिरणीच्या पलीकडून ऐकू येतो.
मी कापडाच्या गठ्ठ्यांमागे, तिच्याकडे पाठ करून खाल्लं.
इतकं गोड इतकं कडू
मला कधी लागलं नव्हतं.
तिसऱ्या दिवशी बोटभर तिला चाटवलंच.
सिस्टरला सांगितलंही.
तिनं ऐकलं नाहीसं केलं
आणि पुढच्या खेपेला पोरीलाही काट्यावर उभं केलं.

पहिल्या महिन्यात दोनशे ग्रॅम.
दुसऱ्यात तेही गेले.
लिनेस म्हणाली, काटा मोडलाय.
मे महिन्यात, नवा मका घरात आल्यावर,
सत्तेचाळीस.

पँट दाटली त्या संध्याकाळी
मी ती उलटी करून मांडीवर घेतली.
शिवणीच्या आत जे जास्तीचं कापड सोडतात
त्याला शिंपी माया म्हणतो.
त्या रात्री कात्री हाताशी होती,
तरी मी ती कापली नव्हती,
नुसती दुमडून आत दडवली होती.
का, ते तेव्हा मलाच ठाऊक नव्हतं.
एक बोट उसवलं. दुसरं अजून राहू दिलंय.

आता कुणी
‘कंबर जरा आत घे’ म्हणालं
की मी तोंडातल्या टाचण्या
आधी डबीत काढून ठेवतो.