उजवं-डावं

रायमुंडकडे एकच अल्बम अकरा वेळा आहे.
चौघांचं वादन, कोपनहेगन, एकसष्टचा हिवाळा.
एक जपानी, कागदी पट्ट्यासकट.
एक सोनेरी, तिच्या पाठीत आपलं तोंड दिसतं.
एक नव्याने धुऊनपुसून काढलेली,
एक त्या धुण्यावर चिडून मूळ टेपकडे परत गेलेली,
आणि तीन अशा की
फरक फक्त डबीच्या पाठीवरच्या अक्षरांत.
दर शुक्रवारी आम्ही त्यांचं उजवं-डावं करतो.
म्हणजे तो करतो. मी केक आणते.

मी सत्तावीस वर्षं लांगेनहागेनच्या कारखान्यात
ह्याच तबकड्या छापल्या.
पांढरी टोपी, पांढरा मास्क,
भुवईचा एक केस गळला तरी लाइन थांबायची.
तो भिंगाखाली आतल्या कड्यावरचे आकडे वाचतो
आणि देवळात बोलावं तसं म्हणतो,
'हायड्रून, ही तुमच्या प्रेसवरची.'
जणू मी ती दोन सुयांवर विणली होती.
तीनशे दहा युरो मोजलेत त्याने तिच्यासाठी.
मी सांगत नाही की आम्ही काहीच ऐकत नव्हतो.
दाणे वितळायचे, दाबले जायचे, थंड व्हायचे,
क्लॅरिनेट असो की शेअर बाजाराची माहिती,
वास एकच.

तो म्हणतो, ह्यात हवा आहे.
ह्याला इस्त्री मारलीय.
इथे झांज काचेची, तिथे पत्र्याची.
मी मान डोलावते.
मला अकराही तबकड्यांत तिसऱ्या तुकड्याच्या शेवटी
पियानोवाल्याची खुर्ची कुरकुरते,
तेवढी नक्की ऐकू येते.

त्याची सगळ्यात लाडकी मात्र ती, चुकलेली.
शहाऐंशी सालची, आमचीच.
कुणीतरी डावा आवाज उजवीकडे घातला,
उजवा डावीकडे,
आणि पेट्याच्या पेट्या परत आल्या.
फोरमन श्मेडेस दोन दिवस जेवला नाही.
जाणकार तिला भंगारात काढतात.
रायमुंड म्हणतो, 'हिच्यातच क्लॅरिनेट माझ्याशी बोलतो.'

नोव्हेंबरात एकदा तो क्रीम फेटायला आत गेला
आणि मला काय सुचलं कुणास ठाऊक,
मी अॅम्प्लिफायरमागे हात घालून
लाल पिन पांढऱ्याच्या जागी खोचली,
पांढरी लालच्या.

लाडकी लावली. त्याने चष्मा काढला, पुसला.
'आज ही दमल्यासारखी वाटते.'
मग जपानी लावली, जिला तो बारा वर्षं
नावं ठेवत आला होता.
डोळे मिटले त्याने. चमचा हातातच राहिला.
'बघ,' म्हणाला, 'बघ,
इतकी वर्षं मी हिच्यावर अन्याय केला.'

तेव्हा एकेक आठवत गेलं.
उजवीकडच्या खुर्चीतून मी साखर मागते
आणि तो खिडकीबाहेर बघत राहतो.
रस्त्यात तो मला कायम डाव्या हाताला ठेवतो,
मी त्याला जुन्या वळणाचा समजत होते.
ट्रामच्या घंटेला तो दचकत नाही;
मी म्हणायचे, काय शांत माणूस!

तो बशा विसळत होता तोवर
मी लाल पिन लालमध्ये घातली.
हात थोडा थरथरला. धूळ फार होती तिथे.
सांगायचं तरी काय, आणि कुठल्या बाजूने?

पुढच्या शुक्रवारी लवकर गेले.
दिव्याची वायर ओलांडून
माझी खुर्ची फरफटत पलीकडे नेली, त्याच्या डावीला.
फरशीवर चांगलाच ओरखडा उठला.
'तिथून आवाज नीट येत नाही,' तो म्हणाला,
'मध्ये बस.'
'मला येतो,' मी हळूच म्हटलं.

'बरं,' तो म्हणाला,
आणि दोन बशा काढल्या.