पोटात घालणं

दादांच्या शेडमागं पंचवीस गुंठे,
मजगावात, कारखान्यांच्या कुंपणाला खेटून.
पहणीवर सगळं कन्नडात नीट लिहिलंय:
सर्व्हे नंबर, आकार, कुणाच्या नावावर.
निकेल कुठंच नाही.

दादा सायकलच्या घंटा चमकवायचे.
नळ, कड्या, स्कूटरचे आरसे,
पण मुख्य म्हणजे घंटा.
टाकीतून वर आली की फडक्यानं पुसून
तीत आपलं तोंड बघायचे,
मगच टोपलीत.
बोटांना क्रोमनं गोल भोकं पडायची,
त्यांत मेण भरून परत कामाला लागायचे.
टाकीतलं पाणी मागल्या दारानं जायचं.
हिरवं, फार देखणं.
जमिनीनं कधी ब्र काढला नाही.
आमच्यात म्हणतात ना, पोटात घाल.
तिनं घातलं.

धारवाडहून शिवलीला मॅडम आल्या,
चार पिशव्या माती घेऊन गेल्या,
कागद घेऊन परत आल्या.
"सासवी हाक्री," दादांना म्हणाल्या,
मग माझ्याकडं वळून, "मोहरी पेरा.
खायची नाही. गुरांना घालायची नाही.
चुलीत तर नाहीच.
मुळासकट उपटायची, वाळवायची, बांधून ठेवायची."
मग पेरायची कशाला, मी म्हटलं.
"ती ओढून घेती की."

पौषात सगळं पिवळं झालं.
फौंड्रीतली पोरं जेवणाच्या सुट्टीत
कुंपणाशी उभी राहून फोटो काढायची.
आईचा हात सवयीनं कोवळ्या पानाकडं गेला,
मी मनगट धरलं.
"एवढं पीक, आणि देवापुढंही नाही?"
नाही.
हणमव्वाची शेळी तीनदा हाकलली,
चौथ्यांदा हणमव्वाच आली,
दोन्ही भाषांत भांडून गेली.
मधमाश्यांना काय सांगायचं
ते मॅडमनाही ठाऊक नव्हतं.

एकवीस पोती. लाल रंगाची फुली, शेडला कुलूप.
पुन्हा माती गेली, पुन्हा कागद आला:
पाचशे बारा होतं, पाचशे अकरा.
"तेही यंत्राचा फरक असेल," मॅडम प्रामाणिकपणे म्हणाल्या.
अशी किती पिकं लागतील?
त्या बोटांवर मोजायला लागल्या,
मग बोटं मिटून पर्समध्ये काहीतरी शोधू लागल्या.

संध्याकाळी दादा कुलपाशी खुर्ची टाकून बसले.
बराच वेळ गप्प. मग,
"पोत्यांत काय गेलं असंल गं?"
मॅडम म्हणाल्या, सगळं मिळून सव्वाशे ग्राम.
मूठभर.
त्यांनी मूठ उघडली, मिटली,
फरशीवर काडीनं हिशेब मांडला.
बोटांवरचे जुने वण हलत होते.
"चाळीस घंटा," म्हणाले.

आणि काडी बाजूला ठेवून,
माझ्याकडं न बघता:
"एवढ्या तर
सकाळच्या चहाआधी व्हायच्या."