पासवर्ड टाकताना

गंगावेशीतल्या खांबावरून
वायर ओढली शिकलगारांच्या इरफाननं.
राउटर कपाटामागं नको, म्हणाला,
भिंत रेंज खाती, वैनी.

पासवर्ड घर नंबरच ठेवू?
हसला. मग कडी तरी कशाला लावता?

विचारलंच मग, सहज विचारल्यासारखं :
आम्ही काय बघतो ते दिसतं का तुमच्या हापिसात?
कुठल्या दारात गेलासा ते कळतंय,
आत काय बोललासा ते न्हाई.

दार तरी कळतंच की.
रात्री दोनला ठोठावलेलं,
काखेतल्या गाठीचं,
जी घरात अजून कुणाला दाखवली नाही.

टाका आता, म्हणाला,
आणि पाठ फिरवून
खाली कट्ट्यावर म्हशीची धार निघत होती
ती बघत राहिला
माझी बोटं थांबेपर्यंत.