दहापैकी

आउलिसचा निरोप: शुक्रवारपर्यंत सहाशे शब्द,
शेवटी आकडा. दहापैकी.
डिसेंबरात आउलूमध्ये अडीचलाच अंधारतं.
खिडकीबाहेर बर्फ खरवडणाऱ्या गाडीचा पिवळा दिवा फिरतो
आणि पडद्यावर माझी एकशे चाळीस जहाजं
एका लाल ताऱ्याभोवती रांगेत उभी, इंधनासाठी.

आधी वाईट सांगते, म्हणजे सुटले.
जहाजांची नावं खेळ स्वतःच ठेवतो
आणि तिसऱ्या तासाला त्याच्याकडची नावं संपतात:
निर्भय, निर्भय दोन, निर्भय एकोणीस.
निर्भय एकोणीस कुठं हरवलं हे कळायला
चार खिडक्या उघडाव्या लागतात, तीन मिटाव्या.
व्यापाराचा तक्ता हेल्वीमावशीला दाखवला.
केमीच्या कागद गिरणीत तिनं तीस वर्षं हिशेब लिहिले.
चष्मा वर करून म्हणाली,
याचे पैसे मिळतात का तुला?

शत्रू शंभर खेळ्यांपर्यंत हुशार.
मग पहिले पाढे पंचावन्न:
तह, नजराणा, तहभंग, माफी, तह.
आणि शेवट फार लांबतो.
जिंकल्यावरही दोनशे ग्रह एकेक करून उचलायचे,
पाहुणे गेल्यावर भांडी घासत बसावं तसं.

आता चांगलं.
इथं प्रकाशाला वेळ लागतो.

एवढंच. बाकीच्या खेळांत उंटावरून शेळ्या हाकायच्या,
बोट टेकवलं की ताफा वळतो.
इथं हुकूम निघतो आणि जात राहतो,
नऊ खेळ्या, अकरा, बावीस,
आणि पोचतो तेव्हा तिथली लढाई
भलतीच कुठली तरी होऊन गेलेली असते.

मंगळवारी रात्री, कडेच्या एका ताऱ्यापाशी,
माझी वसाहत होती. सहा हजार माणसं,
शेवाळाची शेती, एक दुर्बीण.
दर खेळीला तिचा निरोप यायचा:
सगळं ठीक. पीक बरं. बर्फ वितळवतोय.
मग टेहळणीचं जहाज परत आलं
(जहाजं प्रकाशाच्या पुढं पळतात, निरोप नाही)
आणि म्हणालं, तिथं दगड आहेत. थोडी वाफ.
निरोप येतच राहिले.
सगळं ठीक. शाळेवर छप्पर घातलं.
सगळं ठीक. दुर्बिणीची काच पुसली.
तेरा खेळ्या.

वहीत लिहिलं: दोष. निरोप थांबत नाहीत.
मग 'दोष' खोडलं.
तिथं दुसरं काय लिहावं सुचेना,
म्हणून कॉफी केली, आणि ती प्यायलेच नाही.

बुधवारी दुरुस्ती आली,
कचेरीतल्या मशीनवर आपोआप बसली:
'नष्ट वसाहतींचे निरोप आता थांबतात. गैरसोयीबद्दल दिलगीर.'
निर्भय एकोणीस मात्र अजून बेपत्ता.

तांपेरेला फोन लावला. ओइली म्हणून एक जण,
बनवणाऱ्या पाचांपैकी, तोंडात काहीतरी चावत होती.
अहो, ती चूकच होती, म्हणाली,
निरोपांची रांग रिकामी करायला आम्ही विसरलो.
चाळीस तक्रारी आल्या.
मी म्हटलं, पण प्रकाशाला वेळ लागतो ना?
लागतो की. लोकांना ते मेलेल्यांकडून नको असतं.
मग चावणं थांबलं.
तुम्हाला आवडलं होतं का ते?
आवडलं असं नाही, म्हटलं मी,
आणि पुढं दोघींनाही वाक्य सापडेना.

लेख गेला. तक्ता लिहिला, खिडक्या लिहिल्या,
पाढे, भांडी, सगळं.
प्रकाशाबद्दल दोन परिच्छेद.
त्या तेरा निरोपांबद्दल एक शब्द नाही;
जे खेळात उरलंच नाही
त्याचे गुण कुठल्या रकान्यात धरायचे?
आउलिसनं विचारलं, आकडा? सात.
साडेसात का नाही? उगाच. सात.

घरच्या जुन्या लॅपटॉपची तार
दुरुस्ती उतरायच्या आत मी उपटली होती.
तो स्वयंपाकघरात आहे, पावाच्या डब्याशेजारी.
त्यात चौदावा निरोप आलाय.
हेल्वीमावशी विचारते, हे उघडं का ठेवलंयस, वीज जळते.
खेळी माझी आहे, म्हणते मी.