पस्तिसावा हिस्सा

राद्का काउंटरवर खोकी मांडते.
बाहेर प्लझेनची ट्राम वळणावर किंचाळते,
दार उघडलं की माल्टचा वास आत येतो
आणि थंडी.

पहिलं खोकं स्वस्त. झाकणावर ज्वाळा, धूर,
आतला साचा माझ्या गुडघ्यांइतकाच झिजलेला.
बुरुज दोन मिलिमीटर बुटका.
दोन मिलिमीटर म्हणजे खऱ्यात सात सेंटिमीटर,
आतल्या माणसाचं डोकं काय खिशात ठेवायचं?

दुसरं महाग.
बुरुज बरोबर, चाकं बरोबर,
स्प्रिंगची पानं नखानं मोजता येतात.
फक्त मागच्या पत्र्यावर, खालच्या रांगेत,
रिव्हेट नऊ हवेत तिथे सात.

"अहो, हे कोण मोजतंय?" राद्का म्हणते.

मी मोजतोय.
स्कोडात एकतीस वर्षं तपासनीस होतो,
अजून कॅलिपर घेतल्याशिवाय पाव आणायला जात नाही.
आणि माझ्या आधी, त्याच फाटकातून,
माझे वडील, बोहुमीर, रिव्हेट ठोकायला जायचे.
पोरगा भट्टीतून लाल रिव्हेट फेकायचा,
हे चिमट्यात झेलायचे, भोकात बसवायचे,
थंड व्हायच्या आत डोकं घडवायचे.
उजवा कान त्यातच गेला.
जेवताना सूप गार होईपर्यंत
चमच्यानं टेबलावर तोच ठेका. आई ओरडायची,
त्यांच्या डाव्या बाजूला जाऊन.

तिसऱ्या खोक्यात रणगाडा नाहीच.
सुटे भाग: पितळेची कातीव नळी,
धातूची साखळी, एकेक कडी वेगळी,
जाळीसाठी कोरलेला पातळ पत्रा,
आणि ब्रनोच्या कुणा एकट्या माणसानं ओतलेले
रेझिनचे सहाशे रिव्हेट.
अर्धा मिलिमीटर डोकं. शिंकायची सोय नाही.

दुसरं आणि तिसरं मिळून माझं आठवड्याचं पेन्शन.
घेतो.

मग ती रंगांचा कागद उलगडते.
"कुठल्या तारखेचा करणार?"

हा प्रश्न कॅलिपरात बसत नाही.
एक पर्याय: आमच्या फौजेचा, हिरवा, तपकिरी, पिवळट.
दुसरा: राखाडी, बाजूवर पांढरा क्रॉस, पोलंड.
तिसरा: तोच राखाडी, तोच क्रॉस, रशियातलं बर्फ.
पत्रा तोच. रिव्हेट तेच.
अचूक तर तिन्ही आहेत.

शाळेत असताना मी एक पुस्तक आणलं होतं.
त्यात बर्फात जळून पडलेला एक,
साखळी सुटलेली, झाकण उघडं.
वडिलांनी दिवा जवळ ओढला,
अंगठा त्या मागच्या पत्र्यावरून फिरवला, सावकाश,
आणि म्हणाले, "धरलेत अजून."
एवढंच.
अभिमानानं म्हणाले की कसं,
ते मी तेव्हा त्यांच्या तोंडाकडे पाहिलं नाही
म्हणून आज सांगता येत नाही.

"प्रायमरची बाटली दे," मी म्हणतो, "तांबडा, शेंदराचा."
"वर कोणता रंग?"
"वर काही नाही."
फाटकाबाहेर पडायच्या आदल्या दिवशीचा,
नंबर नाही, निशाण नाही, कुणाचाच नाही.
चिन्हांचा कागद मी तिला परत देतो,
कुण्या पोराला लागेल.

एक माणूसही घेतला. पाच सेंटिमीटरचा.
दुकानात कामगार मिळत नाहीत, सगळे सैनिकच.
याचं हेल्मेट तासावं लागेल, पट्टा खरवडावा लागेल,
बंदुकीच्या जागी हातोडा.
बहिरा कान पस्तिसाव्या हिश्श्यात
कसा दाखवायचा, माहीत नाही.
मान थोडी डावीकडे वळवीन म्हणतो.

रात्रीचे अकरा.
आठवा रिव्हेट बसला.
नववा चिमट्यातून उडाला,
आणि मी अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस
टॉर्च दातात धरून
गालिच्यावर रांगतोय.
खालची शेजारीण छताला झाडूचा दांडा ठोकते:
ठक, ठक-ठक. ठक.

ठेका ओळखीचा आहे.
मी थोडा वेळ तसाच थांबतो,
डावा कान जमिनीला लावून.