कुणाच्या घरात

माझ्या आजोबांना गायकवाडी रेल्वेनं नागावहून उचललं
आणि प्रतापनगरच्या यार्डात आणून ठेवलं.
त्याआधी आम्ही तेली, शनिवारी घाणा बंद ठेवणारे.
त्याच्याही मागचं विचारलं
तर आजोबा समुद्रात फुटलेल्या गलबताचं नाव काढायचे.
गलबत कुठून निघालं?
ते गलबताला विचार, म्हणायचे.

भिंतीपलीकडं गुलामरसूल मलेक.
पेट्या दुरुस्त करतात.
भात्याला चामडं डकवून झालं की
काळी दोन दाबून धरतात
आणि हवा कुठून निसटते ते गालानं शोधतात.

नवस फेडला की माझा मलिदा त्यांच्याकडं जातो:
भिजवलेले पोहे, गूळ, ओलं खोबरं,
एलियाहू हानाबीच्या नावाचा.
त्यांचा मलिदा पोळी कुस्करून, तुपातला,
पिराच्या नावाचा.
ताट एकच. पितळी.
कडेला आईचं नाव, सेगुलाबाई शलोम रोहेकर,
त्यातला 'शलोम' घासून घासून पुसट झालेला.

त्या ऑक्टोबरात ताट गेलं आणि आठ दिवस आलं नाही.
भिंत पातळ. दोन्हीकडं टीव्ही.
त्यांच्या बातम्यांतले मेलेले माझ्या बातम्यांत नव्हते,
माझ्यातले त्यांच्यात नव्हते.
कुणी जाणकार सांगत होता, मूळ फार जुनं आहे,
एक बाप, दोन आया, वाळवंटात संपलेली पाण्याची पखाल.
गच्चीवरून डिशची वायर खिडकीत लोंबत होती.
या गावाचं नाव वडावरून पडलंय,
इथं मुळं वरूनसुद्धा येतात.

नवव्या दिवशी ते स्वतः आले.
ताट लख्ख. रिकामं.
रिकामं ताट परत द्यायचं नसतं,
हे मला त्यांच्याच अम्मीनं शिकवलेलं.
उंबऱ्याबाहेरून म्हणाले,
"अबिगेलबेन, तुमचा हन्नोक तिकडं
कुणाच्या घरात राहतो?"

सरकारी फ्लॅट आहे, मी म्हटलं. नवीन बांधलेला.
खिडकीवरच्या कारकुनासारखा माझा आवाज.
ते मान हलवून गेले.

रात्री फोन लावला. हन्नोकला वाटलं कुणी गेलं.
मग म्हणाला, घर नवंच आहे गं.
मागच्या उतारावर तेवढं निवडुंगाचं कुंपण आहे,
कुंपणाच्या आत काही नाही.
एक विहीर, तिला सिमेंटचं झाकण.
कुणाची?
बराच वेळ नुसती खरखर.
मग म्हणाला, आलो तेव्हा इथले लोक आपल्याला
धड यहुदीसुद्धा मानत नव्हते, ते नाही विचारलंस.
काल जिन्याखालच्या खोलीत
नातीचे कान दाबून बसलो होतो,
ते नाही विचारलंस.

सकाळी मी पलीकडं गेले. हातात काही न घेता.
विहिरीचं सांगितलं. झाकणाचं सांगितलं.
नातीच्या कानांचंही.
गुलामरसूलनी भाता थांबवला.
सुरांच्या पत्त्यांच्या डब्यातून, पितळी पत्त्यांच्या खालून,
एक चावी काढली.

दंगलीनंतर ते इकडं राहायला आले, हे मला ठाऊक होतं.
कुठून आले, हे इतक्या वर्षांत
मी एकदाही विचारलं नव्हतं.

"तिथं आता एक दवेभाई राहतात," म्हणाले.
"भले माणूस. दिवाळीला मिठाईचा डबा धाडतात.
पैसे दिले त्यांनी. कमी दिले, पण दिले.
कुलूप कधीच बदललं असणार.
कुणाच्या घरात राहता, हे त्यांना मी
आजवर विचारलं नाही.
तुम्हाला विचारून आलो."

मी काही बोलले नाही.
माफी कुणी कुणाची मागायची, ते कळेना.
त्यांनी चावी डब्यात टाकली,
पत्ते किणकिणले.
मग पेटी माझ्याकडं सरकवली, काळी दोन दाबली.
"माझा गाल आता बधिर झालाय," म्हणाले,
"बघा बरं, कुठून जाते."

मी चष्मा काढला.
वाकले.