तुटक रेघ

सावद्याच्या शीतगृहात, तीन नंबरच्या खोलीबाहेर माझं टेबल.
बाहेर वैशाख, शेचाळीस अंशांच्या पुढे गेलेला.
दाराआड अठरा, आणि तीनशे क्रेट कच्ची केळी
अंधारात बसून पिवळी होणं शिकतायत.

मला काम दिलंय रेघांचं.
एक खोलीच्या तापमानाची, एक फळाच्या गराची.
पायथॉनला सांगायचं, काढ.
तो काढतो. एक निळी, एक नारिंगी,
जगात सगळ्यांना देतो त्याच.

मला त्या परक्या वाटल्या.
खोली हिरवी केली, गर लाल.
चौकटीची वरची कड काढली, उजवी काढली.
कडेला तिथं कणा म्हणतात;
दोन कणे गेले तरी चित्र उभं राहिलं.
जाळी इतकी फिकी केली
की जुन्या धुतलेल्या पातळाची वीण दिसावी.
तासांचे आकडे एकमेकांच्या अंगावर पडत होते,
त्यांना तिरपं निजवलं,
लग्नघरातल्या पोरांना एका सतरंजीवर निजवतात तसं.

मग मराठी.
शीर्षकाच्या जागी आधी नुसते रिकामे चौकोन,
कुणी राहायलाच न आलेल्या कॉलनीसारखे.
फॉन्ट शोधून दिला, तर ‘पिकणे’ची वेलांटी
प-ला सोडून क-च्या दारात जाऊन उभी.
सुपडूभाऊंनी अक्षरं लावून वाचलं,
“पकिणे म्हंजे काय वं?”
आणि चहा सांडेपर्यंत हसले.

सुपडूभाऊ नेहेते. एकतीस वर्षं केळीत.
आधीची दोन भावंडं जगली नाहीत,
म्हणून जन्मल्यावर सुपात घालून ओढलेले.
रोज सकाळी हात पाठीमागे बांधून
आलेखासमोर उभे राहायचे, मान हलवायचे.
मला वाटायचं, पटलं.

एका मंगळवारी रेघा एकमेकींना कापून गेल्या.
गर खोलीपेक्षा तापला,
आणि भाऊ तशीच मान हलवत राहिले.
म्हटलं, भाऊ, लाल वर गेलीय की.
“कोनती लाल?”

बराच वेळ नुसता कॉम्प्रेसर बोलत होता.

“मले त दोन्ही एकच दिसता वं बाई.
माह्या मामालेबी तसंच दिसे.”

ट्रक भरताना ते पुतण्याला हाक मारायचे,
बघ रे जरा, म्हणायचे,
आणि आम्ही समजायचो, पोराला शिकवतायत.
घड उतरवायचा तर फळाच्या धारेवरून अंगठा फिरवायचे:
धार बोथट झाली की झालं.
एकतीस वर्षं
रंगाला न विचारता.

त्या संध्याकाळी घरी जाता जाता परत फिरले.
लाल पुसला, हिरवा पुसला.
खोलीची रेघ काळी, अखंड, जाडी अडीच.
गराची तुटक, दर सहा तासांवर एक त्रिकोण.
कोपऱ्यातली सूची काढून टाकली,
नावं रेघांच्याच शेपटीला बांधली.
कागदाच्या कडेला शीर्षक कापलं जात होतं,
त्याला थोडा समास दिला.
‘पिकणे’ तसंच राहिलं, चुकलेलं. ते मला जमलं नाही.

सकाळी दारावर चिकटवलं. गारव्यानं कागद
एका कोपऱ्यातून वळायला लागला होता.
भाऊंनी तुटक रेघेवर अंगठा ठेवला,
अगदी तसाच, धारेवर ठेवतात तसा.
“ही फळाची.”
हो.
सावकाश सरकत बासष्टाव्या तासाशी थांबले,
जिथं एकाही सेन्सरला काही झालं नव्हतं.
खिशातलं बॉलपेन काढलं, फुली मारली.
“अठी वास सुटतो. मंग मी दार उघडतो.
तुमची रेघ सांगे ना सांगे.”

दोन्ही रेघा तिथं सपाट होत्या.
मी बराच वेळ बघत राहिले.

पुढच्या आलेखात एक बाण काढला, बासष्टवर टोक,
खाली एकच शब्द:
वास.
त्यात वेलांटी नाही.
पहिल्याच फटक्यात नीट उमटला.